विश्लेषण : वर्गाच्या भिंतींना 'अभ्यासाचा रंग' असतो का? विद्यार्थ्यांची आवड आणि संशोधन काय सांगते?

निळ्या खोलीत मन शांत राहते, पिवळ्या रंगाने लक्ष लागते, लाल रंग दिसला की गुण कमी होतात... असे दावे रंगांच्या जाहिरातींपासून पालकांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपपर्यंत सगळीकडे फिरत असतात. त्यांच्या भरवशावर शाळा भिंती रंगवतात, क्लासचालक खोल्या सजवतात आणि घरोघरी मुलांच्या अभ्यासाचा कोपरा बदलला जातो. मात्र विद्यार्थ्यांना आवडणारा रंग आणि त्यांना शिकायला मदत करणारा रंग एकच असतो का? याविषयी झालेले प्रयोग नेमके काय सांगतात, याचा हा आढावा.

हा प्रश्न महत्त्वाचा का?

राज्यातील बहुतांश शाळा १५ जूनच्या सुमारास सुरू होतात. त्याआधीचा मे महिना शाळांच्या रंगरंगोटीचा असतो. जिल्हा परिषदेच्या शाळेत हा खर्च अनेकदा लोकवर्गणी, ग्रामपंचायतीचा निधी किंवा माजी विद्यार्थ्यांची देणगी यांतून भागवला जातो. 'बोलक्या भिंती' ही कल्पना राज्यातील शाळांमध्ये रुजून बराच काळ झाला आहे. २०२३-२४ पासून 'मुख्यमंत्री माझी शाळा, सुंदर शाळा' अभियानामुळे शाळांच्या सजावटीला स्पर्धेचेही स्वरूप आले.

एकदा दिलेला रंग बहुतेक ठिकाणी पुढची काही वर्षे बदलला जात नाही. पहिलीत आलेले मूल त्याच भिंती बघत चौथी पास होते. दिवसाचे पाच-सहा तास ते ज्या खोलीत बसते, त्या खोलीचा रंग ठरतो मात्र पेंटरकडे उरलेला डबा, सरपंचांची आवड किंवा इंटरनेटवर वाचलेला एखादा दावा यावरून. पैसा मर्यादित आणि निर्णय दीर्घकाळाचा, त्यामुळे पुराव्याकडे बघणे गरजेचे ठरते.

विद्यार्थ्यांना कोणता रंग आवडतो?

याचे सगळ्यांत सोपे उत्तर निळा असे आहे. वेगवेगळ्या देशांतील रंगांच्या आवडीविषयीच्या अभ्यासांत निळा बहुधा पहिल्या क्रमांकावर येतो. पण कागदावरचा निळा चौकोन आवडणे आणि निळ्या खोलीत राहणे यांत फरक आहे. हा फरक तपासण्याची एक दुर्मीळ संधी इटलीतील संशोधकांना मिळाली.

तेथील एका विद्यापीठाच्या वसतिगृहात सहा इमारती होत्या. रचना, खोल्यांचा आकार, फर्निचर सगळे सारखे. फरक फक्त आतल्या रंगाचा : जांभळा, निळा, हिरवा, पिवळा, नारिंगी आणि लाल. विद्यार्थी तिथे सरासरी वर्षभराहून अधिक काळ राहत होते. मार्को कोस्टा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ४४३ विद्यार्थ्यांना प्रश्न विचारले आणि २०१८ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. आवडीच्या क्रमात निळा पहिला आला. त्यानंतर हिरवा, जांभळा, नारिंगी, पिवळा आणि शेवटी लाल. अभ्यासाला कोणता रंग पोषक वाटतो, या प्रश्नावरही निळाच पुढे होता. मुलांमध्ये निळ्याची आवड अधिक ठळक होती, तर मुलींमध्ये जांभळ्याला तुलनेने जास्त पसंती होती.

इथे एक गोष्ट लक्षात ठेवायला हवी. विद्यार्थ्यांना निळा रंग अभ्यासाला बरा 'वाटतो', एवढेच यातून कळते. निळ्या इमारतीतील विद्यार्थ्यांना परीक्षेत जास्त गुण मिळाले, असे हा अभ्यास म्हणत नाही. बातम्यांत आणि जाहिरातींत हा फरक अनेकदा गळून पडतो.

ही आवड येते कुठून?

अमेरिकेतील बर्कली येथील कॅलिफोर्निया विद्यापीठाचे स्टीफन पामर आणि कॅरन श्लॉस यांनी २०१० मध्ये याचे एक स्पष्टीकरण मांडले. एखाद्या रंगाच्या ज्या वस्तू आपण आयुष्यात पाहिलेल्या असतात, त्या आवडत्या असतील तर तो रंगही आवडतो. निळा म्हणजे निरभ्र आकाश, स्वच्छ पाणी. मळकट पिवळा किंवा शेवाळी म्हणजे कुजलेले, नासलेले काहीतरी. म्हणून निळा वर आणि मळकट पिवळा खाली.

याच गटाने पुढे दोन प्रतिस्पर्धी विद्यापीठांतील विद्यार्थ्यांची तुलना केली. बर्कलीचे रंग निळा आणि सोनेरी, तर स्टॅनफर्डचे लाल आणि पांढरा. आपापल्या विद्यापीठाचे रंग विद्यार्थ्यांना जास्त आवडत होते. ज्याला विद्यापीठाचा अभिमान जास्त, त्याची ही आवडही जास्त. म्हणजे रंगाची आवड ही जन्मापासून डोळ्यांत बसवलेली गोष्ट नाही, अनुभवाने ती बदलते.

आपल्याकडेही हे ताडून पाहता येते. जुन्या शाळांच्या भिंती फिकट निळसर असायच्या, कारण चुन्यात नीळ मिसळून सफेदी केली जायची. ज्याचे बालपण त्या वर्गात आनंदात गेले, त्याला तो निळसर रंग मायेचा वाटेल. ज्याने त्याच वर्गात छड्या खाल्ल्या, त्याला कदाचित नाही. लाल रंग लग्नाच्या शालूत शुभ असतो आणि उत्तरपत्रिकेवर आला की छातीत धस्स होते. पिवळा म्हणजे कुणाला हळद, जेजुरीचा भंडारा, तर कुणाला कावीळ.

रंग आणि भावना यांची जोडी जगभर किती सारखी आहे, हे तपासणारा एक मोठा अभ्यास २०२० मध्ये प्रसिद्ध झाला. दोमिचेले योनाउस्काइते आणि सहकाऱ्यांनी ३० देशांतील ४,५९८ जणांची उत्तरे गोळा केली. बरेच साम्य आढळले. लाल रंगाशी प्रेम आणि राग, दोन्ही जोडले जात होते. मात्र भाषा आणि भूगोल जवळचा असेल तर साम्य वाढत होते आणि काही ठिकाणी स्थानिक वेगळेपण दिसत होते. उदाहरणार्थ, चीनमध्ये पांढऱ्या रंगाशी दुःख इतरांपेक्षा अधिक जोडले जाते. परदेशातील शाळेचा रंगतक्ता इथे जसाच्या तसा वापरण्याआधी हे ध्यानात घ्यायला हवे.

'निळा' म्हटले की नेमका कोणता निळा?

मोबाइलमधील फोटो एडिटिंगचे कोणतेही अ‍ॅप उघडा. त्यात रंगासाठी तीन सरकपट्ट्या दिसतात : ह्यू, सॅच्युरेशन आणि ब्राइटनेस. पहिली पट्टी रंगाचे नाव ठरवते, म्हणजे लाल की निळा. दुसरी पट्टी तो किती भडक की मळका हे ठरवते. तिसरी पट्टी तो किती उजळ की गडद हे ठरवते. आपण बोलताना फक्त पहिल्या पट्टीबद्दल बोलतो. 'वर्गाला निळा दिला' म्हणतो, पण तो आकाशी, मोरपंखी की नेव्ही ब्लू, हे सांगत नाही.

भावनांच्या बाबतीत मात्र दुसरी आणि तिसरी पट्टी जास्त वजनदार ठरते. पॅट्रिशिया वाल्देझ आणि अल्बर्ट मेहराबियन यांनी १९९४ मध्ये हे दाखवले होते. रंग जितका उजळ आणि शुद्ध, तितका तो सुखद वाटतो आणि जितका भडक, तितका तो उत्तेजित करतो. रंगाच्या नावाचा परिणाम त्या मानाने कमी होता. याचा व्यवहारातला अर्थ असा की, फिकट गुलाबी आणि फिकट निळ्या खोलीत जितका फरक जाणवेल, त्यापेक्षा फिकट निळ्या आणि भडक निळ्या खोलीत अधिक जाणवू शकतो. 'कोणता रंग' या प्रश्नाआधी 'किती भडक आणि किती उजळ' हा प्रश्न विचारायला हवा.

आवडत्या रंगात अभ्यास चांगला होतो का?

इथे खरी गंमत आहे. ऑस्ट्रेलियातील कर्टिन विद्यापीठातील असील अल-अयाश आणि सहकाऱ्यांनी २०१६ मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. अभ्यासाच्या खोलीसारखी जागा तयार करून त्यात सहा रंग आलटून पालटून वापरले. भडक लाल, भडक निळा, भडक पिवळा आणि याच तिन्ही रंगांच्या फिकट छटा. २४ विद्यार्थ्यांनी प्रत्येक रंगात उतारा वाचून प्रश्न सोडवले. सोबत त्यांच्या हृदयाचे ठोकेही मोजले गेले.

फिकट रंग विद्यार्थ्यांना शांत, निवांत आणि सुखद वाटले. निळ्याने सगळ्यांत जास्त निवांत वाटले. लाल आणि पिवळ्या रंगात हृदयाचे ठोके वाढले. पण वाचनाच्या चाचणीत चांगले गुण पडले ते भडक रंगांत. म्हणजे जो रंग हवाहवासा वाटला, त्यात कामगिरी सर्वोत्तम होतीच असे नाही. फार निवांत वाटले की माणूस सैलावतो, थोडी उत्तेजना मिळाली की सावध राहतो, हे त्याचे एक संभाव्य कारण आहे.

लगेच भिंती लालभडक करायला घेऊ नयेत. एक तर यात फक्त २४ विद्यार्थी होते आणि प्रत्येक रंगात त्यांनी थोडाच वेळ घालवला. शाळेतील मूल तिथे वर्षभर बसणार असते. दुसरे म्हणजे, उलट दिशेचे निष्कर्षही आहेत. स्वीडनच्या लुंड विद्यापीठातील रिकार्ड क्युलर आणि सहकाऱ्यांनी २००९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत लाल खोलीत मेंदू अधिक उत्तेजित झाल्याचे आढळले. पण काही वेळा हृदयाचे ठोके वाढण्याऐवजी मंदावले. अंतर्मुख स्वभावाच्या आणि आधीच मन खराब असलेल्या व्यक्तींवर हा परिणाम जास्त झाला. एकाच वर्गात बसलेल्या ४० मुलांवर एकाच भिंतीचा परिणाम ४० प्रकारचा होऊ शकतो, हा यातला धडा.

लाल रंगाने खरेच गुण कमी होतात?

हा दावा २००७ मधील एका गाजलेल्या संशोधनातून आला. अँड्र्यू एलियट आणि सहकाऱ्यांनी विद्यार्थ्यांना चाचण्या दिल्या. काहींच्या कागदावरचा क्रमांक लाल शाईत होता, काहींचा हिरव्या किंवा काळ्या. लाल पाहिलेल्यांना कमी गुण मिळाले. लाल म्हणजे चुका, लाल म्हणजे नापास, ही जोडी मनात बसलेली असल्याने असे होते, असे स्पष्टीकरण दिले गेले. २००९ मध्ये रवी मेहता आणि ज्युलिएट झू यांचे संशोधन 'सायन्स'मध्ये आले. बारकाईच्या कामाला लाल आणि कल्पकतेच्या कामाला निळा उपयोगी, असा त्याचा सूर होता. आजही अनेक ब्लॉग आणि जाहिराती याच दोन संशोधनांच्या आधाराने लिहिल्या जातात.

पुढे काय झाले, ते मात्र फारसे सांगितले जात नाही. मेहता-झू यांच्या प्रयोगांपैकी एक प्रयोग २०१४ मध्ये दुसऱ्या संशोधकाने जास्त जणांवर पुन्हा केला, तेव्हा तो परिणाम आढळला नाही. २०२० मध्ये टिमो ग्नाम्ब्स यांनी लाल रंग आणि बौद्धिक कामगिरी यांवरील उपलब्ध अभ्यास एकत्र करून पाहिले. लाल रंगामुळे कामगिरी खालावते याला ठोस आधार मिळत नाही, असा त्यांचा निष्कर्ष होता.

गुलाबी रंगाची गोष्टही अशीच. १९७९ मध्ये अमेरिकेत सिअ‍ॅटल येथील नौदलाच्या कोठडीला विशिष्ट गुलाबी रंग दिला गेला. त्याने कैदी शांत होतात, असा गाजावाजा झाला आणि अनेक तुरुंगांनी तो रंग लावला. २०१५ मध्ये स्वित्झर्लंडच्या तुरुंगात काटेकोर तुलना केली गेली, तेव्हा गुलाबी आणि पांढऱ्या कोठडीतील कैद्यांच्या आक्रमकतेत फरक आढळला नाही.

असे का होते? नाणे दहा वेळा उडवले आणि सात वेळा छापा पडला, तर नाण्यात खोट आहे असे म्हणता येत नाही. हजार वेळा उडवून सातशे छापे पडले, तर नक्की म्हणता येते. वीस-पंचवीस जणांवरच्या प्रयोगात योगायोगाने दिसलेला फरक मोठ्या संख्येत विरून जातो. शिवाय 'फरक पडला' हा निष्कर्ष छापून येतो आणि 'काहीच फरक नाही' हा टेबलाच्या खणात राहतो. त्यामुळे एका प्रयोगाची बातमी वाचून घर रंगवायला काढू नये.

खऱ्या वर्गांत काय आढळले?

प्रयोगशाळेबाहेरचा सर्वांत उपयोगी अभ्यास ब्रिटनमधील सॅलफर्ड विद्यापीठाचे पीटर बॅरेट आणि सहकाऱ्यांचा मानला जातो. त्यांनी इंग्लंडमधील २७ प्राथमिक शाळांचे १५३ वर्ग आणि ३,७६६ मुले यांची माहिती तपासली. वर्गाची रचना आणि मुलांची वर्षभरातील वाचन, लेखन, गणितातील प्रगती यांचा संबंध पाहिला. २०१५ मध्ये आलेला निष्कर्ष असा की, मुलांच्या प्रगतीत जो फरक दिसतो, त्यातील १६ टक्के फरकाचे स्पष्टीकरण वर्गाच्या भौतिक रचनेतून मिळते. याचा अर्थ गुण १६ टक्क्यांनी वाढतात, असा नाही. दोन मुलांच्या प्रगतीतील तफावतीचा तेवढा वाटा खोलीशी जोडता येतो, असा आहे.

हा वाटा सात घटकांचा मिळून होता : प्रकाश, तापमान, हवा, आपलेपणा, जागेची लवचीकता, दृश्य गुंतागुंत आणि रंग. त्यातील जवळपास निम्मा वाटा प्रकाश, तापमान आणि हवा या तिघांचा. रंग आणि दृश्य गुंतागुंत मिळून साधारण चौथाई. ढोबळ हिशेब केला तर या दोघांच्या वाट्याला चार टक्क्यांच्या आसपास येतात. रंग महत्त्वाचा आहे, पण कोंदट आणि अंधाऱ्या खोलीची भरपाई तो करू शकत नाही.

रंगाबाबत या अभ्यासाचे उत्तर मध्यममार्गी आहे. अगदी निस्तेज पांढराफटक वर्गही बरा नाही आणि चारही बाजूंनी भडक वर्गही नाही. भिंती फिकट, एखादी भिंत ठळक आणि खुर्च्या, कपाटे किंवा फलक यांतून थोडा रंग, अशी मांडणी सर्वाधिक लाभदायक ठरली.

बोलक्या भिंती जास्तच बोलल्या तर?

२०१४ मध्ये अमेरिकेतील कार्नेगी मेलन विद्यापीठाच्या अ‍ॅना फिशर आणि सहकाऱ्यांनी बालवाडीच्या २४ मुलांसाठी एक वर्ग तयार केला. विज्ञानाचे सहा धडे शिकवले गेले. तीन धड्यांच्या वेळी भिंती तक्ते, चित्रे, नकाशे यांनी भरलेल्या होत्या आणि तीन धड्यांच्या वेळी रिकाम्या. भरलेल्या वर्गात मुलांचे लक्ष ३८.६ टक्के वेळ धड्याबाहेर होते. रिकाम्या वर्गात हेच प्रमाण २८.४ टक्के. धड्यानंतरच्या चाचणीत सजवलेल्या वर्गात ४२ टक्के उत्तरे बरोबर आली, रिकाम्या वर्गात ५५ टक्के.

हा प्रयोगही लहान आहे आणि त्यातून 'सगळी चित्रे पुसा' असा अर्थ काढणे चूक ठरेल. आपल्याकडे ज्या घरात पुस्तक नसते, तिथल्या मुलाला भिंतीवरची बाराखडीच रोज भेटणारे पुस्तक असते. वास्तुविशारद कबीर वाजपेयी यांनी युनिसेफच्या सहकार्याने विकसित केलेली 'बाला' ही संकल्पना याच विचाराची. इमारतीलाच शिकण्याचे साधन बनवायचे. दार उघडते त्या जमिनीवर कोन आखायचे, म्हणजे दार हलवून मूल काटकोन शिकते. भिंतीवर उंचीची पट्टी काढायची, म्हणजे मोजमाप शिकते.

फरक इथेच आहे. कोनांचे ते दार मूल हाताळते, त्याच्याशी खेळते. उलट फळ्याच्या दोन्ही बाजूंना रंगवलेली कार्टूनची टोळी शिक्षक शिकवत असताना फक्त खुणावत राहते. बॅरेट यांच्या गटाने शाळांसाठी ढोबळ सूत्र सुचवले होते : भिंतींचा २० ते ५० टक्के भाग मोकळा ठेवा. आपल्या अनेक 'सुंदर' वर्गांत बोटभरही मोकळी जागा उरलेली नसते. शाळेला भेट देणाऱ्या पाहुण्यांच्या फोटोत ती भिंत छान दिसते. तिच्याकडे तोंड करून बसणाऱ्या मुलाचा विचार मागे पडतो.

रंगाआधी प्रकाश का तपासावा?

रंग म्हणजे शेवटी परत फिरलेला प्रकाश. फिकट पांढरट भिंत तिच्यावर पडलेल्या दहा भाग प्रकाशापैकी सात-आठ भाग परत फेकते. गडद चॉकलेटी भिंत एखादाच भाग परत देते. खोली तीच, बल्ब तेच, वीजबिल तेच, पण वहीवर पडणारा प्रकाश वेगळा. छत पांढरे ठेवणे हा त्यामुळे सर्वांत स्वस्त उपाय ठरतो.

भारतीय मानकांनुसार वर्गखोलीत २०० ते ५०० लक्स प्रकाश असावा. मोबाइलवरील लक्स मीटरचे अ‍ॅप अंदाज घेण्यापुरते उपयोगी पडते. शेवटच्या बाकावर, ढगाळ दिवशी ते एकदा लावून पाहावे. स्पर्धा परीक्षेच्या अभ्यासिकांनाही हेच लागू होते. अरुंद कप्पे, गडद प्लायवूड आणि डोक्यावर एकच ट्यूबलाइट अशा जागेत आठ-दहा तास बसणाऱ्या उमेदवाराला भिंतीचा 'शुभ' रंग फार काही देऊ शकत नाही. कप्प्याच्या आतल्या बाजूला फिकट पृष्ठभाग आणि वहीवर नीट पडणारा दिवा जास्त कामाचा.

आणखी एक बारकावा चकाकीचा. खालच्या भागात हात लागून भिंत मळते म्हणून ऑइलपेंट दिला जातो. ते योग्यच. पण तोच चकचकीत रंग फळ्याच्या भिंतीवर असेल तर खिडकीचा उजेड परावर्तित होऊन डोळ्यांवर येतो. त्या भिंतीसाठी चकाकी नसलेला रंग घ्यावा.

सगळ्या मुलांना रंग सारखेच दिसतात का?

नाही. लाल आणि हिरव्यातील फरक नीट न दिसणे हा रंगांधळेपणाचा नेहमीचा प्रकार आहे. युरोपीय वंशाच्या लोकांत सुमारे १२ पुरुषांमागे एकाला आणि २०० स्त्रियांमागे एकीला तो असतो. वेगवेगळ्या समाजांत हे प्रमाण बदलते, पण मुलांमध्ये ते मुलींपेक्षा बरेच जास्त असते. हिरव्या फळ्यावर लाल खडूने लिहिलेला महत्त्वाचा शब्द अशा मुलाला जवळपास दिसतच नाही. 'लाल रंगातील देश ओळखा' हा नकाशावरचा प्रश्न त्याला अन्यायकारक ठरतो. अनेकदा मुलाला स्वतःलाही हे माहीत नसते. त्यावर शिक्का बसतो तो 'लक्ष नाही' असा.

स्वमग्न मुलांपैकी अनेकांना भडक रंग, दाट नक्षी आणि झगमगाट यांचा त्रास होतो. त्यांच्यासाठी वर्गाचा एक कोपरा तरी रंगाने आणि वस्तूंनी शांत असणे ही गरज असते.

मग शाळांनी आणि पालकांनी काय करावे?

- क्रम ठरवा. आधी खिडक्या, हवा, पंखे, दिवे. त्यानंतर रंग. बजेट कमी असेल तर छत आणि वरच्या भिंती फिकट करून थांबले तरी चालेल.

- फळ्याची भिंत शांत ठेवा. तिथे एकच, चकाकी नसलेला रंग असावा. मुले ज्या भिंतीकडे पाठ करून बसतात, तिथे ठळक रंग आणि चित्रे चालतात.

- वयानुसार बदल करा. बालवाडीत खेळाच्या कोपऱ्यात भडक रंग शोभतात. दहावी-बारावीच्या वर्गात आणि वाचनालयात सौम्य छटा बऱ्या.

- चित्रे बदलती ठेवा. कायमस्वरूपी तैलरंगाऐवजी एक मोकळा फलक ठेवून त्यावर सुरू असलेल्या धड्याचे तक्ते लावले, तर खर्चही वाचतो आणि भिंतही शिळी होत नाही.

- फळ्यावर पांढरा आणि पिवळा खडू वापरा. रंगासोबत अधोरेखन, चौकट किंवा खूण यांचीही जोड द्या.

- डबा घेण्याआधी नमुना लावा. शेडकार्डावरचा आणि मोबाइलच्या पडद्यावरचा रंग भिंतीवर वेगळाच दिसतो. भिंतीवर दोन-तीन फुटांचा चौकोन रंगवून सकाळी, दुपारी आणि दिवा लावून पाहावा. मोठ्या भिंतीवर रंग नमुन्यापेक्षा अधिक भडक वाटतो, त्यामुळे मनात असलेल्या छटेपेक्षा एक पायरी फिकट निवडलेली बरी.

- घरी वेगळी खोली नसेल तरी बिघडत नाही. मूल ज्या भिंतीसमोर बसते, तेवढीच भिंत फिकट आणि मोकळी ठेवली, टेबलावर नीट उजेड आणला, तरी पुष्कळ झाले. बाकीच्या बाजूला त्याला हवे ते पोस्टर लावू द्यावे.

- आणि मुलांना विचारा. सॅलफर्डच्या अभ्यासात 'हा वर्ग आपला आहे' ही भावनाही सात घटकांपैकी एक होती. दोन-तीन योग्य छटा मोठ्यांनी निवडाव्यात आणि त्यांतून एक भिंत कोणत्या रंगाची, हे मुलांनी मत देऊन ठरवावे. बर्कली आणि स्टॅनफर्डच्या विद्यार्थ्यांना आपल्या संस्थेचा रंग आवडू लागला, तो आपलेपणातून. स्वतः निवडलेल्या भिंतीबाबतही असे घडू शकते.

थोडक्यात काय?

परीक्षेतील गुण वाढवणारा असा कोणताही एक रंग आजवरच्या संशोधनात सापडलेला नाही. निळा बहुतेकांना आवडतो, फिकट छटा निवांत वाटतात आणि भडक छटा जागे ठेवतात, एवढे म्हणता येते. पण आवड, भावना आणि गुण या तीन वेगळ्या गोष्टी आहेत. एकीवरून दुसरीचा अंदाज बांधला की फसगत होते. ज्या डब्यावर 'एकाग्रता वाढवणारा' असे लिहिलेले असेल, त्यासाठी जास्त पैसे मोजण्याची गरज नाही. त्याच पैशांत शेवटच्या बाकावर एक दिवा बसत असेल, तर आधी तो बसवावा.